ब्राउझरचा आधार

हितेंद्र पेडणेकरांनी दहा मिनिटांत तिसऱ्यांदा चष्मा पुसला, पण पडद्यावरचं वाक्य काही पुसलं जाईना. निळ्या चौकटीत ते ठाण मांडून बसलं होतं: 'क्षमस्व. आपल्या ब्राउझरला आता आधार नाही. कृपया अद्ययावत करून पुन्हा यावे.'

वाक्य मात्र शुद्ध होतं. पेडणेकरांचा हात सवयीनं खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि रिकामाच परत आला. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, 'करून'मधला रू दीर्घ, शेवटी पूर्णविराम. आपल्याला दारातून हाकलणाऱ्याला निदान मराठी येतं, एवढं समाधान त्यांना त्याही परिस्थितीत वाटलं.

पेडणेकरांनी उभी हयात एका दैनिकात मुद्रितं तपासली होती. दैनिक बंद पडलं तेव्हा मालकांनी त्यांना शाल, नारळ आणि ते ज्यावर काम करत तो कॉम्प्युटर दिला. शाल बायकोनं वापरायला काढली, नारळाची सोलकढी झाली, कॉम्प्युटर मात्र लालबागच्या घरात खिडकीखाली घरघरत राहिला. त्याच्यावर पेडणेकर आता घरबसल्या भाषांतरं करत. मुलीनं, मनालीनं, नोकरीसाठी बेंगळुरूला जाण्याआधी त्यांना कार्डं छापून दिली होती: 'हितेंद्र पेडणेकर, डिजिटल प्रोफेशनल.' पेडणेकरांनी ते बदलून 'अंकीय व्यावसायिक' करायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, लोक तुमच्याकडे गणिताच्या शिकवण्या मागतील."

काम देणाऱ्या कंपनीचं नाव 'अक्षरपूल'. तिच्या संकेतस्थळावर पूर्वी 'अपलोड' आणि 'डाउनलोड' अशी बटणं होती. पेडणेकरांनी कंपनीशी भांडून तिथे 'चढवा' आणि 'उतरवा' करून घेतलं होतं. सध्या त्यांच्याकडे एका मिक्सरची माहितीपुस्तिका होती. तिच्यातल्या 'सेफ्टी लॉक'चं त्यांनी 'सुरक्षा-अर्गला' केलं होतं आणि त्या शब्दावर ते बेहद्द खूश होते. आता ती चढवायची तेवढी बाकी होती.

आणि ती आजच चढवायची होती. सकाळीच कंपनीतल्या प्रितीचा फोन आला होता. "सर, प्लीज पाच वाजेपर्यंत फाइल टाकाच. साहेब म्हणतायत, यापुढे मराठीचं सगळं काम मशीनलाच द्यायचं. मी म्हटलं, आमचे पेडणेकर सर कधी उशीर करत नाहीत. आज उशीर झाला ना, तर माझ्याकडे बोलायला काही राहणार नाही."

"मशीनला अर्गला येते का?" पेडणेकरांनी विचारलं होतं.

"नाही सर. पण त्याला दुपारची झोपही येत नाही."

ते पेडणेकरांना लागलं होतं. म्हणून आज ते जेवणानंतर आडवे न होता तडक खुर्चीत बसले, तर समोर ही निळी चौकट. पैशापेक्षाही त्यांना दुसरीच भीती होती. हे काम गेलं, तर सकाळी उठून लाल पेन खिशाला लावायचं कशासाठी?

"काय झालां वो? मघापासून नुसते बघत काय बसलास?" शेवंतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"ब्राउझरला आधार नाही म्हणतोय."

शेवंतीबाईंना ब्राउझर ठाऊक नव्हता, पण आधार चांगलाच ठाऊक होता. हात पुसत त्या बाहेर आल्या. "मग लावा ना! ग्यासाक लावलास, ब्यांकेक लावलास, फोनाक लावलास. ह्येकाच कशाक ठेवलास? शेजारच्या मालनवैनींचा रेशन असाच अडाकला होता."

पेडणेकरांना ते पटलं. गेल्या काही वर्षांत घरातल्या एकेका वस्तूनं आधार मागितला होता आणि त्यांनी मुकाट्यानं दिला होता. ब्राउझर मागे राहिला असेल, तर चूक आपलीच. 'अद्ययावत करून' म्हणजे आधार अद्ययावत करून, हेही उघड होतं. त्यांनी कपाटातून कार्ड काढलं आणि पडद्यासमोर धरलं. काही झालं नाही. उलट करून धरलं. तरी काही झालं नाही.

"असा दाखवून काय होतला? तो काय रेल्वेचो टीसी आसा?" शेवंतीबाई म्हणाल्या. "ओनीलकडे जावा."

ओनीलचं दुकान परळच्या एका गल्लीत, हॉस्पिटलांच्या पाठीमागे होतं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन अर्ज आणि कॉम्प्युटरची दुरुस्ती असा सगळा कारभार दोन माणसं उभी राहतील एवढ्या जागेत चाले. पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व प्रकारचे आधार करुन मिळतील'. तो ऱ्हस्व रु पाहिला की पेडणेकरांच्या दाताखाली खडा येई, पण आज त्यांनी तोही गिळला.

दुकानात ओनील नव्हता. त्याची आई, व्हायोलेट आंटी, गल्ल्यामागे क्रोशाची सुई चालवत बसली होती. तिचं कानाचं यंत्र समोरच्या खणात होतं. बॅटरी उगाच जळू नये म्हणून ती ते फक्त चर्चमध्ये लावायची.

"ओनील माहीमला गेलाय, टोनर आणायला. येईल आता. तुझं काय काम हाय?"

"आंटी, ब्राउझरला आधार नाही म्हणतायत."

आंटीची सुई थांबली. "ब्रदरला? अरे माझ्या देवा! काय झालं त्याला?"

"झालं काही नाही. जुना झालाय, एवढंच."

"ते तर आपण सगळेच झालो रे. पण चालतो-फिरतो ना?"

"चालतो, पण हळू. मध्येच अडकतो. कधी कधी विचारलेलं त्याला कळतच नाही, नुसता गोल गोल फिरत राहतो."

आंटीनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. "डॉक्टर काय बोलला?"

डॉक्टर म्हणजे ओनील असणार, असं पेडणेकरांनी धरलं. दुरुस्ती तोच करत होता. "मागे एकदा त्यानं उघडून पाहिलं होतं. आत सगळी धूळ साचलीय म्हणाला."

"मिलची धूळ," आंटी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "माझा बाप्टिस्ट पण त्यानंच गेला."

कॉम्प्युटरच्या धुळीत मिल कुठून आली, हे पेडणेकरांना कळेना. पण गेलेल्या माणसाचा विषय निघाल्यावर शंका काढणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. आंटीनं पदर नसल्यामुळे क्रोशाच्या रुमालानंच डोळे पुसले आणि ती कामाला लागली.

"हे बघ, कार्ड नुसतं आणून काय होत नाय. तो स्वतः पायजे. त्याला घेऊन ये इकडं."

"स्वतः? म्हणजे उचलून आणायचा?"

"चालत नसेल तर उचलून आण! अंगठा लागतो, डोळा लागतो. घरी बसून लागतो काय?"

पेडणेकर गोंधळून बाहेर पडले. डोळा त्यांना समजला. पडद्याच्या डोक्यावर मनालीनं चिकटवलेला कॅमेरा होता, तोच डोळा. अंगठ्याचं मात्र कोडं सुटेना. बहुधा मालकाचा चालत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सरकारी कामात एका वेळी एवढंच समजून घ्यावं, पुढचं खिडकीवर कळतं, हा त्यांचा अनुभव होता.

घरी येऊन त्यांनी वायरी उपसल्या. खालचा डबा, वरचा पडदा, दोन्ही सोलापुरी चादरीत घातले आणि गाठ मारली.

"ह्येका खंय नेतास?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"अंगठा द्यायला."

"कोणाचो?"

"ते तिथे गेल्यावर कळेल," पेडणेकर म्हणाले आणि चादर छातीशी कवटाळून लिफ्टमध्ये शिरले. खाली वॉचमननं टोपी काढली.

टॅक्सीवाल्यानं आधी एवढ्या जवळच्या भाड्याला नकार दिला होता. पण घामाघूम झालेला म्हातारा, त्याच्या छातीशी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आणि तोंडी परळचा पत्ता, एवढं पाहून तो एकदम नरमला. "काका, टेन्शन नका घेऊ, पोचवतो," असं म्हणून त्यानं जो हॉर्नवर हात ठेवला, तो हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या दारातच उचलला. पेडणेकर "इथे नाही, मागे, मागे" असं ओरडत असतानाच दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले.

"काय झालंय?" एकानं विचारलं.

"याला आधार नाही," पेडणेकर कळवळून म्हणाले.

"नसला तरी चालतं. ठेवा वर," वॉर्डबॉय म्हणाला आणि त्यानं चादर बाजूला केली. मग त्यानं पेडणेकरांकडे फार सहानुभूतीनं पाहिलं आणि मानसोपचाराची ओपीडी सकाळी असते, असं हलक्या आवाजात सांगितलं.

पेडणेकर गाठोडं घेऊन गल्लीत परत पोचले, तेव्हा पाचाला थोडाच वेळ उरला होता. धापा टाकत ते दुकानाची पायरी चढले आणि तिथेच थबकले.

दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर त्यांचा थोरला भाऊ रघू बसला होता.

रघू पूर्वी व्हायोलेट आंटीच्या नवऱ्याबरोबर, बाप्टिस्टबरोबर, मिलमध्ये कामाला होता आणि वरळीला, बीडीडी चाळीत राहायचा. दोघे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. झालं होतं असं, की रघूच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका पेडणेकरांना आली. तिच्यात 'आर्शिवाद' होता, 'उपस्थीती' होती आणि आहेर 'स्विकारला' जाणार नव्हता. पेडणेकरांनी सगळं लाल पेनानं दुरुस्त केलं, समासात खुणा केल्या आणि फेरछपाईला वेळ आहे, या सद्भावनेनं पत्रिका परत पाठवली. रघूनं फोन करून एवढंच म्हटलं, "लग्नाक येव नको. जेवणाच्या मेनूतय चुका आसत." त्यावर पेडणेकरही हट्टाला पेटले आणि गेले नाहीत. सख्ख्या पुतण्याचं लग्न त्यांनी फोटोत पाहिलं. फोटोंखालच्या ओळीतही दोन चुका होत्या, पण त्या त्यांनी कुणाला सांगितल्या नाहीत.

आज रघूनं ठेवणीतला शर्ट घातला होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यातून आधार कार्ड, विजेचं बिल आणि दोन फोटो डोकावत होते.

"हितू," रघू उठला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "व्हायोलेटचो फोन इलो. म्हणाली, हितू दुकानात येऊन रडता. माझ्या भावाक आधार नाय म्हणता."

"मी?" पेडणेकर म्हणाले.

"माका काय कळाक नाय. आधार तुका नाय की माका नाय? कार्ड होया की माणूस होयो? म्हटलां, दोन्ही घेऊन जाव या." रघूनं पिशवी पुढे केली. "इलंय मी. काय ता सांग."

पेडणेकरांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. रघू इथे का, आपण रडलो कधी, आणि ब्राउझरच्या कामात विजेचं बिल कशाला? पण इतक्या दिवसांनी 'हितू' ही हाक कानावर पडली होती, एवढं मात्र खरं. "दादा, तू बस आधी," एवढंच त्यांना सुचलं.

"बसतो कशाला, बंद व्हायची वेळ झाली," व्हायोलेट आंटी म्हणाली. "ब्रदर आला ना? मग दे अंगठा!" ओनीलची अंगठ्याची मशीन कुठे असते, हे तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं सरळ रबरी शिक्क्यांचं जांभळं पॅड काढलं आणि रघूचा अंगठा त्यात दाबला. "आता कुठं लावायचा?"

"ह्याच्यावर असेल," पेडणेकरांनी चादरीची गाठ सोडली.

रघूनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. धाकट्याचं डोकं फिरलंय आणि आंटीनं ते फोनवर सांगायचं टाळलं, अशी त्याची खात्री झाली असावी. तो अगदी समजुतीनं म्हणाला, "होय रे बाबा, लावतंय. तू आता शांत रव." आणि त्यानं काळ्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी आपला जांभळा अंगठा उमटवला.

ओनील टोनरचा खोका घेऊन आत आला तो याच क्षणी.

"मम्मी, ये क्या चालू है?"

"ह्याच्या ब्रदरला आधार नाय रे."

"ब्रदर नाही, आंटी, ब्राउझर!" पेडणेकर ओरडले. "ब्राउझरला आधार नाही! पाच वाजता माझं काम जाणार आहे!"

आंटीनं खणातून कानाचं यंत्र काढून कानात घातलं आणि म्हणाली, "आता परत बोल."

पेडणेकरांनी परत सांगितलं. निळ्या चौकटीतलं वाक्य तर त्यांना पाठच झालं होतं. ते ऐकून ओनीलनं खोका खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"अंकल, आधार म्हंजे कार्ड नाय. सपोर्ट! ब्राउझर नॉट सपोर्टेड. तुमचा ब्राउझर पुराना झाला, त्यांच्या साइटवर चालत नाय. नवा टाकला की झालं. एवढंच बोलतायत ते."

आधार म्हणजे टेकू, आसरा, पाठीवरचा हात. ज्यानं आयुष्यभर मराठी शब्दांची राखण केली, त्याला हा साधा शब्द समोर येऊनही ओळखू आला नव्हता. पेडणेकरांना भयंकर लाज वाटली आणि लाज वाटली की माणसाला येतो तसा त्यांना राग आला.

"मग सपोर्ट लिहायला काय झालं होतं त्यांना? सगळ्या जगाला कळतो तो शब्द! हे वाक्य लिहिणारा माणूस शुद्ध गाढव आहे."

"ते मागाहून बघू. फाइल कुठाय?"

ओनीलनं जुना डबा आपल्या पडद्याला जोडला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर संकेतस्थळ उघडलं. तिथे निळी चौकट आलीच नाही. ओनील मात्र बटणांवरून बाण फिरवत राहिला. "अपलोड कुठे आहे? इथे तर 'चढवा' लिवलंय. काय चढवा?"

"दाब, तेच दाब!" पेडणेकर म्हणाले.

हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकली आणि फाइल चढली. पाच वाजायला अजून थोडे क्षण बाकी होते. पेडणेकर भावाच्या स्टुलावरच, उरलेल्या कडेवर, मटकन बसले. रघूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हात जांभळा आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तेवढ्यात प्रितीचा फोन आला. "मिळाली, सर! साहेबांना दाखवली सुद्धा. साहेब म्हणाले, अर्गला म्हणजे काय ते माहीत नाही, पण मशीनला हे जमलं नसतं. मराठी तुमच्याकडेच."

पेडणेकरांच्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर रागही परत आला. "प्रिती, एक तक्रार लिहून घ्या. तुमच्या त्या निळ्या चौकटीत 'ब्राउझरला आधार नाही' असं कुणी लिहिलंय? त्यापायी माझा आख्खा दिवस गेला. मी कॉम्प्युटर उचलून हॉस्पिटलात गेलो. त्या माणसाला आधी कामावरून काढा."

पलीकडे प्रिती कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत असल्याची टकटक ऐकू आली.

"सर," प्रिती अवघडून म्हणाली, "ते तुम्हीच लिहिलंय. आमच्याकडे आधी 'सपोर्ट' होतं. गेल्या दिवाळीत तुम्ही सगळी साइट तपासलीत ना, तेव्हा तुम्ही ते लाल केलंत. मी विचारलं होतं, लोकांना कार्ड वाटणार नाही ना? तुमचं उत्तर अजून आहे माझ्याकडे. 'मराठी माणसाला आधार म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.' वाचून दाखवू?"

"नको," पेडणेकर म्हणाले.

"मग बदलू का, सर? परत 'सपोर्ट' करते. दोन मिनिटांचं काम आहे."

पेडणेकरांनी वर पाहिलं. रघू सोलापुरी चादरीची गाठ बांधत होता. व्हायोलेट आंटी त्याला धुळीवरचा काढा सांगत होती आणि तो कशासाठी हे न कळूनही तो मान डोलवत होता. गाठ पक्की झाल्यावर त्यानं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं भावापुढे केलं. "चल. शेवंतीक सांग, चाय ठेव. आणि तां लाल पेन हंय दी बघू. माझ्या खिशात ऱ्हवांदे घराक पोचापर्यंत."

पेडणेकरांनी निमूटपणे पेन काढून दिलं.

"सर? बदलू ना?"

"नको," पेडणेकर म्हणाले. "राहू द्या. अजून कुणाकुणाचे भाऊ यायचे असतील."

"भाऊ? सर, मी ब्राउझरबद्दल बोलतेय."

"मीही त्याच्याबद्दलच बोलतोय," पेडणेकर म्हणाले आणि त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.